जुन्या डेस्कटॉपचा नवा डाव, भाग ४ : कार्डाच्या आधी एसएमपीएस

मागच्या भागात सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवून मशीनची कुंडली मांडली : प्रोसेसर कोणत्या पिढीचा, मदरबोर्ड कोणता, रॅमचे किती स्लॉट रिकामे. आता खरेदी. दुकानात शिरल्या शिरल्या पहिला प्रश्न येतो तो ग्राफिक्स कार्डाचा, आणि तिथेच क्रम चुकतो. कार्ड आधी आणलं की कधी ते कॅबिनेटमध्ये मावत नाही, कधी मशीन सुरूच होत नाही, तर कधी खेळ ऐन रंगात आला की स्क्रीन काळी पडते. जुन्या डेस्कटॉपला कोणतं कार्ड लावायचं हे आवडीवर ठरत नाही. ते ठरवतात कॅबिनेटमधली जागा आणि एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, ताकद.

अशा मशीनना सध्या चांगले दिवस आहेत. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे संगणक कचेऱ्यांच्या दृष्टीने बाद ठरले आणि जुन्या बाजारात आले. डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०१० आणि ९०२०, एचपीचा एलिटडेस्क ८०० जी१, लेनोवोचा थिंकसेंटर एम९३पी ही या पिढ्यांमधली ठरलेली नावं. कचेरीला नको झालेलं मशीन खेळालाही नको, असं मात्र नाही. ‘जीटीए ५’ २०१५मध्ये पीसीवर आला, तेव्हा रॉकस्टारने शिफारस केलेला इंटेल प्रोसेसर होता आय-५ ३४७०. ऑप्टिप्लेक्स ७०१०मध्ये हाच प्रोसेसर सर्रास सापडतो. ‘व्हॅलोरंट’साठी सेकंदाला ६० फ्रेमची शिफारस आहे आय-३ ४१५० आणि जीटी ७३० कार्डाची, १४४ फ्रेमच्या यादीत कार्ड आहे जीटीएक्स १०५० टीआय. म्हणजे प्रोसेसर कामाचा आहे, उणीव आहे ती कार्डाची.

आता स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा. प्लग काढून, बाजूचं झाकण उघडून एसएमपीएसवरचं लेबल वाचायचं. ऑप्टिप्लेक्स ७०१०च्या उभ्या मिनी-टॉवरमध्ये २७५ वॅटचा एसएमपीएस असतो, ९०२०च्या मिनी-टॉवरमध्ये २९० वॅटचा. आकडे लहान दिसतात, पण ब्रँडेड मशीनमध्ये ते खरे असतात. गल्लीत जोडून घेतलेल्या मशीनमध्ये उलटी गत होऊ शकते. डब्यावर ठसठशीत ‘४५० वॅट’, आणि खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात जेमतेम १६ अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः याच १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. खरा हिशेब एवढाच, वरचा मोठा आकडा विसरून जायचा. लेबलवर १२ व्होल्टच्या दोन लाइन असतील तर त्यांची सरळ बेरीज करायची नाही. दोन्ही मिळून किती वॅट, हे शेजारी वेगळं छापलेलं असतं.

मदरबोर्डचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. त्याहून जास्त वीज लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनची वेगळी वायर जोडावी लागते, आणि कचेरीच्या मशीनमध्ये ती बहुधा नसतेच. म्हणून लक्ष्मणरेषा ७५ वॅटची. आय-५ ३४७० कमाल ७७ वॅटचा. ७५ वॅटचं कार्ड, डिस्क, पंखे आणि बोर्ड धरले तरी सगळं दोनशेच्या आसपास राहतं. २७५ वॅटचा चांगला एसएमपीएस हे सहज पेलतो.

या रेषेच्या आत बसणारी कार्डं मोजकीच आहेत. जीटीएक्स १०५० टीआय २०१६चं, जीटीएक्स १६५० २०१९चं. दोन्हींत ४ जीबी मेमरी, दोन्ही ७५ वॅटची. २०२४मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं रूप ७० वॅटवर चालतं, पण ते घ्यायचं तर बजेट ताणावं लागतं. जुन्या बाजारात जीटीएक्स १६५० हा समतोल पर्याय. १०५० टीआय स्वस्त मिळालं तरी एक गोष्ट लक्षात ठेवायची : एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पासून थांबवले आहेत, पुढे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील. १६५० घेतानाही कार्डाची वरची कड बघावी, कारण काही कंपन्यांनी त्यावर सहा पिनचं सॉकेट दिलेलं आहे. ते इथे चालायचं नाही.

दुकानातला संवाद असा व्हायला हवा :

“अंकल, ऑप्टिप्लेक्स आहे, मिनी-टॉवर. बिनपिनचं १६५० आहे का?”

“आहे. एसएमपीएस कितीचा आहे?”

“२७५चा. लेबलचा फोटो आणलाय.”

एवढी तयारी दिसली की दुकानदारही नेमकं तेच काढून दाखवतो.

स्वस्ताईचे सापळेही माहीत असावेत. जीटी १०३० हे कार्ड दोन रूपांत निघालं. जीडीडीआर५ मेमरीचं रूप सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवतं. २०१८मध्ये आलेलं डीडीआर४चं रूप जेमतेम १७ जीबी. नाव एकच, खेळताना फरक मात्र जमीन-अस्मानाचा. एएमडीचं आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं, म्हणून ते या कामासाठी आदर्श वाटतं. पण त्याला पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन आहेत. नव्या बोर्डावर त्या पुरतात, तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या बोर्डावर कार्डाची कोंडी होते. त्यातही एच८१ चिपसेटचा बोर्ड ग्राफिक्सला पीसीआय एक्स्प्रेस २.०चाच वेग देतो, तिथे तर ते घेऊच नये. आरएक्स ५८० हे कार्ड दमदार, पण १८५ वॅटचं; त्यासाठी आधी एसएमपीएस बदलावा लागतो. शिवाय ‘२०४८एसपी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं त्याचं हलकं रूपही त्याच नावाने विकलं जातं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली अशी कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यांतलं एखादं चांगलं निघतंही, पण समोर चालवून पाहिल्याशिवाय हात लावू नये.

एसएमपीएस बदलायचाच असेल, तर ऑप्टिप्लेक्स ९०२०चा बोर्ड वेगळ्या, आठ पिनच्या जोडणीचा आहे हे ध्यानात ठेवायला हवं. बाजारातला नेहमीचा २४ पिनचा एसएमपीएस त्याला थेट लागत नाही, मधे अ‍ॅडाप्टर केबल लागते. ७०१०च्या मिनी-टॉवरला २४ पिनचाच चालतो. आडवं, बुटकं स्मॉल फॉर्म फॅक्टर कॅबिनेट असेल तर पूर्ण उंचीचं कार्ड मावतच नाही. तिथे ‘लो प्रोफाइल’ कार्ड आणि त्याची आखूड पट्टी मागून घ्यावी. स्लॉटच्या शेजारी किती जागा आहे, तेही पट्टीने मोजून जावं.

रॅम आणि डिस्कचं गणित सोपं आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या या मशीनमध्ये डीडीआर३ रॅम लागते. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसतच नाही. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावावी. एकूण १६ जीबी होतात आणि दोन पट्ट्या एकत्र काम करू लागल्या की प्रोसेसरला मेमरीपर्यंत दुप्पट रुंद वाट मिळते. २०२५च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव कडाडले आहेत, तेव्हा वापरलेली डीडीआर३ घेण्यात कमीपणा काहीच नाही. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, जुनी हार्ड डिस्क शंभर-दीडशे. एसएसडीमुळे फ्रेम वाढत नाहीत, पण खेळ लवकर उघडतो आणि नवा भाग लोड होताना बसणारे झटके कमी होतात. ‘काउंटर-स्ट्राइक २’ला एकट्याला ८५ जीबी जागा लागते, म्हणून २४० जीबीऐवजी ४८० किंवा ५०० जीबीची घ्यावी.

आता बाजार. संगणकाच्या सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, अजूनही पहिला आठवतो. पण आपल्या बदलापूरहून सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर; लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोडला उतरायचं, म्हणजे दादरला गाडी बदलायची. अर्धा दिवस त्यातच जातो, आणि कार्ड बिघडलेलं निघालं तर पुन्हा तीच वारी. त्यापेक्षा जवळचं उल्हासनगर बरं. तिथल्या पाच कॅम्पांत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी शून्यातून बाजारपेठ उभी केली. तिथल्या किंवा कल्याणच्या दुकानात भाव थोडा चढा लागला, तरी आपलं मशीन उचलून नेऊन तिथल्या तिथे कार्ड लावून पाहता येतं. जुन्या मालात हे फार मोलाचं. जीपीयू-झेड उघडावं, बनावट बायॉस भरलेलं कार्ड असेल तर ते नावापुढे ‘फेक’ दाखवतं. मग फरमार्कवर पंधरा मिनिटं ताण देऊन तापमान आणि पंख्याचा आवाज तपासावा. नवा भाग घेताना जीएसटीचं पक्कं बिल मागावं. १८ टक्के वाचवायला बिल सोडलं, तर वॉरंटीच्या वेळी हातात काही राहत नाही.

उल्हास नदीच्या या पट्ट्यात आणखी एक तपासणी हवीच. २६ जुलै २००५चा पूर इथे कुणी विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली, तेव्हा बदलापुरातही नदीकाठच्या सखल भागात पाणी घरांत शिरलं होतं. पाणी लागलेलं कॅबिनेट पुसून, वाळवून चालूही होतं, पण फार दिवस साथ देत नाही. खुणा बारीक असतात : यूएसबी पोर्टच्या पत्र्यावर तांबूस गंज, स्क्रूच्या खाचेत तपकिरी कण, रॅमच्या स्लॉटमध्ये मातीची पुसट रेघ, सोल्डरच्या टोकांवर हिरवट-पांढरी पूड. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की हे सगळं दिसतं. यांतलं एक जरी दिसलं, तरी तो सौदा तिथेच सोडावा.

घरची वीजही तपासून घ्यावी. ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. त्यावर मॉनिटर आणि मशीन भागतं, पण स्पीकर आणि प्रिंटरही टाकले तर वीज गेल्याक्षणी तो मान टाकतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, तर अर्थिंग नीट नाही. इलेक्ट्रिशियनला दाखवल्याशिवाय नवं कार्ड लावूच नये. बदलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलणं आणि पंख्यातली धूळ काढणं हे सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात आधी करायचं काम.

विंडोजचं काय? घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १०साठी सुरक्षेच्या वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत नोंदणी करून घेता येतात. आडवाटेने विंडोज ११ टाकण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण ‘व्हॅलोरंट’ खेळणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. विंडोज ११वर हा खेळ टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. ते नसेल तर सुरूच होत नाही.

मशीन घरचंच आहे आणि हातात १५,००० रुपये आहेत असं धरलं, तर निम्मे कार्डासाठी ठेवावेत, साधारण पाचवा हिस्सा एसएसडीला, तेवढाच रॅमला आणि उरलेले थर्मल पेस्ट, केबल अशा किरकोळीसाठी हाताशी राखावेत. एसएमपीएस बदलावाच लागला, तर कार्डाच्या वाट्यातून पैसे काढावेत, एसएमपीएसच्या दर्जातून नाही.

पुढच्या भागात : जुना मॉनिटर ठेवायचा की बदलायचा, ६० आणि १४४ हर्ट्झमधला फरक केव्हा कळतो, आणि १०८०पी ऐवजी ९००पीवर खेळल्याने किती फ्रेम हाती लागतात.