मादी ठणठणीत, गर्भ वाळलेले

डुकरीण नीट खाते-पिते, ताप नाही, गर्भपातही नाही. वेळेवर विते, आणि जिवंत पिल्लांसोबत काळपट, वाळलेले गर्भ बाहेर पडतात. एक बोटभर, दुसरा त्याच्या दुप्पट. वराहपालकाचा संशय खाद्यावर जातो. खरा गुन्हेगार अनेकदा पार्व्होव्हायरस असतो.

लांबीतला हा फरकच सारी हकिकत सांगतो. डुकरिणीचा गर्भकाळ साधारण 114 दिवसांचा. विषाणू पहिल्या महिन्यात पोचला, तर गर्भ आतल्या आत शोषले जातात. मादी पुन्हा माजावर येते किंवा मोजकीच पिल्लं देते. पुढे हाडं धरू लागतात, ती शोषली जात नाहीत, म्हणून मेलेला गर्भ सुकतो. संसर्ग एका गर्भाकडून शेजारच्याकडे सरकत जातो, त्यामुळे प्रत्येकाच्या मृत्यूचा दिवस वेगळा आणि मापही वेगळं. साधारण 70 दिवसांनंतर मात्र गर्भ स्वतःच प्रतिपिंडं तयार करतो आणि बहुधा वाचतो.

फटका मुख्यतः पहिलटकरणींना.

हा चिवट विषाणू गोठ्यात महिनोन्‌महिने टिकतो. निव्वळ धुण्यावर विसंबणं भाबडेपणाचं. लस नर दाखवण्याआधीच टोचायची.

डुकरांच्या प्रजननावर आणि श्वसनावर घाला घालणाऱ्या पीआरआरएस या रोगाचा विषाणू मात्र वेगळा. त्याने होणारे गर्भपात बहुतेकदा गाभणकाळाच्या अखेरीस होतात. भारतात त्याची पहिली साथ 2013 साली मिझोराममध्ये नोंदली गेली.