जुने पाते : शेतकऱ्याचा व लोहाराचा शिक्षक

शेतीच्या अवजारांत नांगर, कुळव, पाभर यांचा विचार पुष्कळ होतो. परंतु दिवसभर हातात वागणाऱ्या कोयत्याचा व विळ्याचा विचार क्वचितच होतो. पाते वाकले किंवा त्याचा टवका उडाला की ते भंगारात जाते आणि बाजारातून दुसरे येते. नवे पाते दिसावयास लखलखीत असते. पण पुष्कळदा थोड्याच दिवसांत त्याची धार वळते, मूठ सैल होते आणि मनगट भरून येते. ज्या जुन्या पात्याने वर्षानुवर्षे बिनतक्रार काम दिले, ते तोवर भंगाराच्या तराजूत गेलेले असते. त्याच्याबरोबर त्याचा आकार, वजन व पाणी यांविषयीचे ज्ञानही जाते. हे नुकसान टाळता येते. त्यासाठी प्रथम एका बागाईतदाराची हकीकत पाहू.

बागाईतदाराने घडविलेला चाकू

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ऑर्लँडो येथे वॉल्टर रँडल हे गृहस्थ संत्र्या-मोसंब्यांच्या जातीच्या फळांची बागाईत करीत. मिशिगन राज्यातील वॉलून सरोवरावर त्यांनी एका मनुष्यास चाकूने नावेचा जुना रंग खरवडताना पाहिले. रंग निघत होता. परंतु चाकूची धार जात नव्हती. तो चाकू विल्यम स्कॅगेल या कारागिराने हाताने घडविलेला होता. रँडल यांनी तो विकत घेतला आणि १९३७ साली मोटारीच्या कमानीच्या पाट्यापासून स्वतः पहिला चाकू घडविला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांकडून त्यांच्या चाकूंना मोठी मागणी आली व छंदाचा धंदा झाला. तो व्यवसाय त्यांच्या कुटुंबाने पुढे चालविला.

या हकीकतीत आपणांस घेण्याजोगी गोष्ट एकच आहे. चांगले काम देणारे एक पाते नजरेस पडले, ते जपून ठेवले गेले आणि त्यावरून दुसरे घडले.

शेतातून सैन्यात

सैनिकांची अनेक नामांकित पाती मुळात शेतकऱ्यांचीच होत. नेपाळची खुकरी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात इंग्रजांना तिचा प्रताप दिसला. पण नेपाळी कुटुंबात ती लाकूड फोडणे, झुडपे छाटणे, मांस कापणे अशा नित्याच्या कामांतच असते. तिच्या वाकामुळे वजन पुढे राहते व घाव थोड्या श्रमात खोल जातो. नेपाळी लोहार तापलेल्या पात्याच्या केवळ धारेवर किटलीने पाण्याची बारीक धार सोडतात. त्यामुळे धार कठीण होते, पाठ मात्र चिवट राहते आणि जोराचा घाव बसला तरी पाते सहसा तुटत नाही.

फिलिपाइन्समधील शेतकऱ्यांचा बोलो हा टोकाकडे रुंद होत जाणारा कोयता आहे. १८९८ नंतर अमेरिकन सैन्याचा त्या बेटांशी संबंध आला आणि १९०९ साली त्याच धर्तीचे सुमारे १४ इंची पाते सैन्याने स्वीकारले.

कनेक्टिकट राज्यातील कॉलिन्स कारखाना १८२६ पासून १९६६ पर्यंत चालला. त्याची माचेटे नावाची लांब, पातळ पाती मध्य व दक्षिण अमेरिकेतील शेतमळ्यांत प्रसिद्ध होती. ज्या प्रदेशास जो आकार सोयीचा, तो आकार हा कारखाना तयार करी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना जंगलात वाट काढण्यासाठी १८ इंची माचेटे देण्यात आली.

खुकरी जाड व जड, माचेटे पातळ व हलके. एक सुक्या लाकडासाठी, दुसरे हिरव्या झुडपासाठी. लाकडाचे पाते गवताला लावले तर हात थकतो. गवताचे पाते लाकडाला लावले तर पाते जाते.

आपल्याकडील पाती

हाच नियम आपल्या गावातही दिसतो. कोकणातील कोयतीचे टोक आत वळलेले असते; झाडावर चढलेल्या मनुष्यास त्या आकड्याने फांदी जवळ ओढता येते. ऊसतोडीचा कोयता असा हवा की त्याने ऊस जमिनीलगत एका घावात तुटावा. बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते. शिवाय बोथट पात्याने बुडखा चिरफळला, तर खोडव्याची फूट कमजोर येते. म्हणजे पात्याचा दोष केवळ मनगटाला नव्हे, पुढील पिकालाही भोवतो.

नमुना कसा घ्यावा

चांगले काम दिलेले जुने पाते टाकून देण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात.

१. पाते पुठ्ठ्यावर किंवा पत्र्यावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढावी.

२. पाठीची जाडी मुठीजवळ, मध्यावर व टोकाजवळ अशी तीन ठिकाणी मोजावी व वजन करावे.

३. मुठीसह पाते बोटावर आडवे तोलून धरावे. ज्या जागी ते समतोल राहते, तेथे नमुन्यावर खूण करावी.

४. धार कोठे अधिक झिजली आहे हे पाहावे. बहुतेक काम त्याच जागी होत असते. वर्षानुवर्षे धार लावल्याने कमी झालेली रुंदी नमुन्यात भरून काढावी. नाहीतर नवे पाते जन्मतःच झिजलेले होईल.

हा नमुना व जुने पाते दोन्ही घेऊन लोहाराकडे जावे. तोंडी सांगण्यापेक्षा नमुना दाखविणे केव्हाही चांगले.

पोलाद व पाणी

आकार जुळला तरी पोलाद योग्य नसेल तर श्रम वाया जातात. बांधकामाच्या साध्या लोखंडात कर्ब इतका कमी असतो की त्यास पाणी नीट चढत नाही. मोटारीच्या कमानीच्या पाट्यात कर्ब सुमारे ०.६ टक्के असतो व तो कोयत्यास योग्य आहे. मात्र जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. म्हणून घासून साफ केल्यावर तो उजेडात बारकाईने तपासावा व चीर दिसल्यास सोडून द्यावा.

पाणी देताना लोहचुंबकाची मदत घ्यावी. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला तापलेल्या पोलादास चुंबक चिकटत नाही. त्याहून थोडे अधिक, म्हणजे ८३० ते ८५० अंशांपर्यंत, तापवून या पोलादाचे पाते कोमट तेलात बुडवावे. थंड पाण्यात एकदम बुडविल्यास ते तडकण्याचा संभव असतो. तापलेल्या तेलाचा भडका उडू शकतो. म्हणून भांडे धातूचे असावे व त्याचे झाकण जवळच ठेवावे. कानस पात्यावरून घसरू लागली म्हणजे पाणी चढले असे समजावे.

येथेच थांबू नये. असे पाते काचेप्रमाणे ठिसूळ असते व त्याचा उडालेला तुकडा डोळ्यास इजा करू शकतो. ते घासून चकचकीत करावे व पाठीकडून हलकी ऊब द्यावी. पृष्ठभागावर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा व शेवटी निळा रंग येतो. लहान चाकूस पिवळ्या रंगावर, म्हणजे २२० ते २३० अंशांवर, थांबावे. घाव घालावयाच्या कोयत्यास जांभळ्या-निळ्या रंगापर्यंत, म्हणजे २८० ते ३०० अंशांपर्यंत, न्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील जुनी, नावाजलेली पाती पाहून त्यांचे नमुने पत्र्यावर उतरवून घ्यावेत व ग्रामपंचायतीत किंवा शाळेत टांगून ठेवावेत. प्रत्येकावर कामाचे नाव, वजन व घडविणाऱ्या लोहाराचे नाव लिहावे. वृद्ध लोहार हयात असतील तेथे तरुणांना त्यांच्या भट्टीपाशी दोन दिवस बसवावे. पाण्याचा रंग कागदावर वाचून नव्हे, डोळ्यांनी पाहूनच कळतो.

आणि शेतकरी बंधू-भगिनींनी एवढेच करावे : भंगारवाला दारात आला की माळ्यावरचे गंजलेले पाते त्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एकदा हातात तोलून पाहावे. लोखंडाचा भाव मिळेल तो काही रुपयांचा. पण त्या वजनात व त्या वाकात कित्येक वर्षांचा अनुभव साठलेला असतो, त्यास भाव नाही.