फॉर्मवर 'मराठी' लिहायचं की 'इंग्लिश'?

कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत मुलाचं नाव घालताना एक छोटासा फॉर्म हातात येतो, 'होम लँग्वेज सर्व्हे'. प्रश्न चारच. मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोलायला लागलं? घरी जास्त करून कोणती भाषा बोलतं? तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? घरातली मोठी माणसं कोणती भाषा बोलतात? फ्रीमाँट-सनीव्हेलकडच्या मराठी घरांत पेन अडतं ते इथे. 'इंग्लिशच लिहा, नाहीतर मुलावर शिक्का बसेल,' असं कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, माहिती मात्र अर्धवट.

गैरसमज : 'मराठी' लिहिलं की मूल थेट 'इंग्लिश लर्नर' (इंग्रजी शिकायला मदत लागणारं) ठरतं.

वस्तुस्थिती : फॉर्मवरून फक्त चाचणी घ्यायची की नाही, एवढंच ठरतं. पहिल्या तीन उत्तरांत इंग्रजीखेरीज दुसरी भाषा आली, तर प्रवेशानंतर ३० दिवसांच्या आत 'एल्पॅक' ही चाचणी होते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही बाजू तपासल्या जातात. मूल त्यात चांगलं निघालं, तर विषय तिथेच संपतो.

गैरसमज : इंग्लिश लर्नर म्हणजे परदेशातून नुकतीच आलेली मुलं.

वस्तुस्थिती : राज्यात इंग्लिश लर्नर मुलं दहा लाखांच्या आसपास आहेत. त्यांतल्या दहापैकी आठांच्या घरी स्पॅनिश बोलतात आणि बहुतेकांचा जन्म अमेरिकेतलाच. घरची भाषा वेगळी आणि मूल इथलंच, यात नवल काही नाही.

गैरसमज : अशा मुलांना वेगळं बसवतात, ती मागे पडतात.

वस्तुस्थिती : मूल आपल्या इयत्तेचाच अभ्यास करतं. शाळेच्या वेळेतच रोज काही वेळ इंग्रजीसाठी राखून ठेवतात आणि बाकीच्या विषयांतही शिक्षकाने भाषेचा आधार द्यायचा असतो. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, आणि तो मिळाला सॅन फ्रान्सिस्कोतूनच. तिथली सुमारे १,८०० चिनी मुलं इंग्रजी न कळता वर्गात नुसती बसून असायची. 'पुस्तकं तीच, शिक्षक तेच, मग अन्याय कसला?' असा शाळांचा पवित्रा. 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यात १९७४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की जे कळतच नाही ते सगळ्यांना सारखं वाटल्याने समानता येत नाही. पालक इंग्रजीची ही खास मदत नाकारू शकतात, पण मुलाला इंग्रजीत प्रवीण ठरवेपर्यंत दरवर्षीची एल्पॅक चुकत नाही.

गैरसमज : मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलतो, आता मदत कशाला?

वस्तुस्थिती : बोलण्याचं इंग्रजी वेगळं, पुस्तकातलं वेगळं. जिम कमिन्स या अभ्यासकाने हा फरक १९७९ सालीच मांडला. गप्पा मारण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षंही लागतात. एक साधं गणित घ्या. रवीकडे ७ गोट्या, आशाकडे ४. 'हाउ मेनी मोअर' गोट्या रवीकडे आहेत? 'मोअर' दिसलं की मूल बेरीज करून ११ सांगून मोकळं होतं. तेच मराठीत विचारा, 'रवीकडे किती जास्त?' झटकन उत्तर येतं, तीन. म्हणजे गणित पक्कं आहे, अडतं ते वाक्यात. म्हणूनच मदत थांबवताना चाचणीतले गुण, शिक्षकाचं मत, पालकांशी चर्चा आणि इयत्तेच्या मानाने मुलाची तयारी, असं चारही अंगांनी पाहतात. त्यानंतरही चार वर्षं शाळेने लक्ष ठेवायचं असतं.

गैरसमज : घरी मराठी बंद केली की इंग्रजी लवकर येईल.

वस्तुस्थिती : उलट आई-बाबांचं मोडकंतोडकं इंग्रजी मुलाच्या कानावर पडत राहतं आणि आजीशी बोलणं तुटतं ते वेगळंच. गोष्ट क्रमाने सांगणं, 'का?' विचारणं, कारण देणं हे मराठीत जमलं की इंग्रजीत तेच करणं सोपं जातं. राज्यानेही हे धडपडतच शिकलं. १९९८ साली 'प्रपोझिशन २२७' या मतदानाने द्विभाषिक वर्गांवर मोठी बंधनं आली. २०१६ साली 'प्रपोझिशन ५८'ने सुमारे ७३ टक्के मतांनी ती उठवली. आज दोन भाषांत प्रावीण्य दाखवणाऱ्या बारावीच्या मुलांच्या डिप्लोम्यावर 'सील ऑफ बायलिटरसी' ही मोहर उमटते, आणि ती सुरू करणारं पहिलं राज्य कॅलिफोर्नियाच.

तेव्हा फॉर्मवर घरात जे बोलता तेच लिहा. चाचणीचा निकाल आला की शाळेत जाऊन दोन गोष्टी विचारा : चारांपैकी कोणत्या बाजूला मूल कमी पडलं, आणि त्यासाठी वर्गात रोज काय होणार आहे? घरी आल्यावर गोट्यांचं गणित मात्र मराठीतच घाला.