गोळी उलटीची, शोध भीतीचा!

पोराच्या उलट्या थांबेनात म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, की अक्कलकुव्यातल्या मेडिकलवाल्याचा हात बहुधा ऑन्डॅनसेट्रॉनकडे जातो. पण माहीत आहे का, याच औषधाची एकेकाळी एन्झायटीवरचा उतारा म्हणून परीक्षा झाली होती?

हो, कहाणीच उलटी आहे!

साल १९८८, देश ब्रिटन, कंपनी ग्लॅक्सो. औषधाची ओळख तेव्हा एका कोड नंबरची: जीआर ३८०३२ एफ. उंदीर उजेडाला बिचकतो, अंधारा कोपरा गाठतो. औषध दिलेले उंदीर मात्र बिनधास्त उजेडात फिरू लागले! समोर माणूस उभा राहिला की घाबरणारी मार्मोसेट माकडंही निवांत झाली. वर डायझेपाम या एन्झायटीच्या औषधासारखी गुंगी नाही. शास्त्रज्ञ खूश!

माणसांवर मात्र हा दम टिकला नाही. एन्झायटीचं औषध म्हणून ते बाजारात आलंच नाही. केमोथेरपीच्या उलट्यांवर मात्र सुपरहिट! अमेरिकेत १९९१ मध्ये मंजुरी मिळाली आणि आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

मेंदूचं औषध पोटात कसं? तर ते सेरोटोनिन या निरोप्या रसायनाला अडवतं, आणि शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पोटातच असतं! केमोमुळे ते आतड्याच्या पेशींतून बाहेर पडतं, मज्जातंतूच्या टोकावरच्या रिसेप्टरवर बसतं आणि मेंदूला मेसेज जातो, ‘काढ उलटी!’ ऑन्डॅनसेट्रॉन तिथे आधीच जागा धरतं, एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसं. सेरोटोनिन येतं, पण बसायला जागा नाही.

आणि रुमाल एकाच सीटवर बरं का! सेरोटोनिनचे रिसेप्टर १४ प्रकारचे. हे औषध त्यातला मुख्यतः एकच अडवतं, फाइव्ह-एचटी-थ्री. याला म्हणायचं सिलेक्टिव्ह.

दुसरा सिलेक्टिव्ह हीरो म्हणजे वे-१००६३५ हे संशोधनातलं रसायन. हा फाइव्ह-एचटी-वन-ए रिसेप्टर अडवतो. त्याला किरणोत्सारी कार्बन-११ जोडला, की पेट स्कॅनमध्ये जिवंत मेंदूतले रिसेप्टर दिसतात. फक्त घाई हवी: हा कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो. अक्कलकुव्याहून सुटलेली गाडी तेवढ्यात नंदुरबारही गाठत नाही!

तळोदा-शहाद्याच्या केळीतही सेरोटोनिन असतं, माहीत आहे का? पण केळी खाऊन मूड बनत नाही. ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही. उलट सेरोटोनिनपासून बनून लघवीत उतरणारा पदार्थ मोजायची टेस्ट असेल, तर आधी केळी बंद!

आता थेट अक्कलकुव्यात. इथे अली-अलाना फार्मसी कॉलेज आहे. बी. फार्म.च्या देशभरच्या अभ्यासक्रमात चौथ्या सेमिस्टरला एन्झायटी कमी करणाऱ्या औषधांचं प्रॅक्टिकल असतं. त्यासाठी गाजलेली चाचणी म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा उंच मेझ: दोन वाटा भिंतींच्या, दोन उघड्या. भित्रा उंदीर भिंत सोडत नाही; औषध लागू पडलं तर उघड्या वाटेवर जास्त रमतो. आणि गंमत म्हणजे प्रॅक्टिकलला खरा उंदीर लागतच नाही. अभ्यासक्रमच सांगतो, असे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवा. उंदराचा जीव वाचला, हे मला फार आवडलं.

आणि हो, धडधड, भीती, झोप उडणं सतत होत असेल, तर उलटीच्या गोळीचा प्रयोग अजिबात नको. मानसिक आरोग्याच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर २४ तास सुरू असतो. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा!