मलबारी कॉफीतला पाऊस

कॉफीची चव मातीतून येते, असे आपण सहज म्हणतो. इथिओपियातील यिर्गाचेफच्या कॉफीला फुलांचा गंध, केनियाच्या कॉफीत तरतरीत आंबटपणा, सुमात्राची जड आणि मातकट. ‘मान्सून्ड मलबार’ची चव मात्र मातीपेक्षा वाऱ्याने घडवली आहे.

शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून मलबारची कॉफी युरोपात पोचायला कित्येक महिने लागत. जहाजाच्या पोटातील दमट हवेने हिरवे दाणे फुगत, पिवळट पडत, त्यांचा आंबटपणा मरे. युरोपला हीच चव सवयीची झाली. आगबोटी आल्या, १८६९मध्ये सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि जुनी चव हरवली.

मग तो प्रवासच किनाऱ्यावर घडवून आणला गेला. चिकमंगळूर-कोडगूच्या डोंगरांतले दाणे मंगळूरकडील हवेशीर गोदामांत पावसाळाभर पसरतात, वरचेवर हलवतात, सैल पोत्यांत भरून पुन्हा वाऱ्यावर ठेवतात. लक्ष चुकले, तर बुरशी धरते.

ओल लागलेला माल एरवी आपण बाद करतो. इथे राखणीतली ओल हाच गुण ठरला, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. कॉफीच्या चवींचा नकाशा काढायचा, तर त्यात डोंगरांबरोबर जुने जलमार्गही दाखवावे लागतील.