प्लग, वायर आणि सॉकेट : आकाराची जुळणी व विद्युतीय जुळणी

घरगुती उपकरणाचा प्लग भिंतीवरील सॉकेटमध्ये बसला आणि उपकरण चालू झाले, की जोडणी योग्य झाली, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अर्धाच खरा होय. उपकरण चालण्यास फेज व न्यूट्रल हे दोन वाहक पुरतात. अर्थिंगचा तिसरा वाहक तुटलेला असला तरी उपकरणाच्या कार्यात काहीही उणे दिसत नाही. त्याचप्रमाणे वायर अपुऱ्या जाडीची असली तरी ती तापेपर्यंत तो दोष लक्षात येत नाही. म्हणून आकार, प्रवाह, उष्णता आणि अर्थिंग या चार गोष्टींचा विचार स्वतंत्रपणे करणे अवश्य ठरते.

प्रथम भिंतीकडील टोक पाहू जाता, भारतात रूढ असलेले गोल पिनांचे प्लग बी. एस. ५४६ या १९३४ च्या ब्रिटिश मानकापासून आलेले आहेत. त्यातील ५ व १५ अँपिअरचे प्रकार आय. एस. १२९३ या भारतीय मानकात ६ व १६ अँपिअरचे म्हणून गणले जातात. लहान प्लगच्या फेज व न्यूट्रल पिनांचा व्यास सुमारे ५ मिलिमीटर, तर मोठ्या प्लगमध्ये तो सुमारे ७ मिलिमीटर असतो. मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये शिरत नाही. ही गैरसोय नसून जाणीवपूर्वक केलेली योजना आहे. २३० व्होल्ट दाबास ६ अँपिअर म्हणजे १३८० वॅट आणि १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॅट. १०० वॅटचा दूरचित्रवाणी संच अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. २००० वॅटच्या गीझरला मात्र ८.७ अँपिअर लागतात, आणि म्हणून त्याला १६ अँपिअरचेच सॉकेट हवे. दोन्ही प्लगांत अर्थिंगची पिन अधिक जाड व लांब असते. जाड असल्यामुळे ती फेजच्या छिद्रात जात नाही. लांब असल्यामुळे ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते.

वायरचे दुसरे टोक उपकरणात शिरते. या टोकाचे आकार आय. ई. सी. ६०३२० या आंतरराष्ट्रीय मानकात ठरविलेले असून त्याची पहिली आवृत्ती १९७० साली निघाली. लहान ध्वनिसंचांना लागणारे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दिसणारे सी-७ हे टोक २.५ अँपिअरचे असून त्यास अर्थिंग नसते. लॅपटॉपच्या अनेक अडॅप्टरना लागणारे सी-५ हेही २.५ अँपिअरचेच, परंतु अर्थिंगसहित असते. टेबलावरील संगणकाचे सी-१३ हे १० अँपिअरचे, तर सी-१९ हे १६ अँपिअरचे आहे. सी-१५ हे टोक सी-१३ सारखेच दिसते. तथापि त्यास एक खाच असते. सी-१३ जोडणीच्या ठिकाणी ७० अंश सेल्सिअसपर्यंत, तर सी-१५ हे १२० अंशांपर्यंत तापमान सहन करण्यासाठी बनविलेले असते. त्यामुळे किटलीची खाचेची वायर संगणकाला लावता येते, पण संगणकाची वायर किटलीला बसत नाही. येथेही आकार हा इशाऱ्याचे काम करतो.

आता उष्णतेचा प्रश्न. वाहकात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ०.७५ चौरस मिलिमीटर छेदाच्या लवचीक तांब्याच्या वाहकाचा रोध दर मीटरला सुमारे ०.०२६ ओहम असतो. दोन मीटर लांबीच्या वायरीत जाणारा व येणारा वाहक मिळून चार मीटर, म्हणजे सुमारे ०.१ ओहम रोध होतो. एक अँपिअर प्रवाहास त्यात ०.१ वॅट उष्णता निर्माण होते. १० अँपिअरला १० वॅट. ही उष्णता संपूर्ण लांबीवर विभागली जात असल्याने वायर केवळ कोमट होते. परंतु सॉकेटमधील पकड सैल होऊन एकाच स्पर्शबिंदूपाशी ०.१ ओहम रोध उत्पन्न झाला, तर तेवढीच १० वॅट उष्णता काही मिलिमीटरांच्या जागेत एकवटते. प्लगचा चेहरा काळवंडतो आणि वायर मात्र मध्यभागी थंडच राहते, याचे कारण हेच होय. सबब वायर, प्लग, सॉकेट व एक्स्टेन्शन बोर्ड या साखळीची क्षमता तिच्यातील सर्वांत दुर्बल दुव्याइतकीच धरली पाहिजे.

परदेशातून आलेल्या उपकरणांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या बी. एस. १३६३ या ब्रिटिश मानकातील चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये स्वतंत्र वितळतार, म्हणजेच फ्यूज, असते. ब्रिटनमधील घरांत अनेक सॉकेट एकाच ३० वा ३२ अँपिअरच्या वलयमंडलावर जोडण्याची पद्धत रूढ झाली, म्हणून पातळ वायरीचे रक्षण प्लगमध्येच करावे लागले. हाच प्लग संयुक्त अरब अमिरातीतही प्रचलित आहे. आखातातून कोकणात आणलेल्या उपकरणाचा असा प्लग कापून त्या जागी गोल पिनांचा प्लग बसविला, की ते संरक्षण नाहीसे होते. १६ अँपिअरचा एमसीबी ती उणीव भरून काढीलच असे नाही. जर्मनीतील शुको प्लगची गोष्ट याहून फसवी आहे. त्याच्या दोन गोल पिना भारतीय ६ अँपिअरच्या सॉकेटात शिरू शकतात. परंतु त्याचे अर्थिंग पिनेत नसून कडेच्या धातुपट्ट्यांत असते. परिणामी उपकरण उत्तम चालते, पण अर्थिंगवाचून.

अर्थिंग नसल्याने नेमके काय घडते? धातूच्या पेटीतील संगणकाच्या वीजपुरवठ्यात फेज व न्यूट्रल यांपासून पेटीकडे जाणारी दोन लहान धारित्रे असतात. अर्थिंग तुटले, की पेटीवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. धारित्रे लहान असल्याने प्रवाह अत्यल्प असतो आणि स्पर्श करणाऱ्याला केवळ झिणझिण्या येतात. या झिणझिण्या म्हणजे तुटलेल्या अर्थिंगने दिलेली एकमेव मूक सूचना होय. पुढे कधी फेजची वायर प्रत्यक्ष पेटीला चिकटली, तर तोच स्पर्श प्राणघातक ठरू शकतो.

अर्थिंग जोडलेले असणेही पुरेसे नाही. त्याचा रोध कमी असला पाहिजे. जमिनीतील इलेक्ट्रोडमार्गे जाणाऱ्या दोषमार्गाचा एकूण रोध १० ओहम असेल, तर दोषप्रवाह २३ अँपिअर होतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह केवळ १.४४ पट पडतो आणि एक तासाच्या आत तो खंडित होईलच अशी हमी मानकानुसार १.४५ पटीपासून पुढे असते. तोवर पेटीवर घातक दाब राहू शकतो. याच कारणास्तव फेज व न्यूट्रल यांतील प्रवाहांचा फरक ओळखून ३० मिलिअँपिअरला मंडल तोडणारी आरसीसीबी आवश्यक ठरते. अर्थिंग शाबूत असेल, तर माणसाचा हात लागण्यापूर्वीच ती आपले काम करते.

तेव्हा तपासणीचा क्रम असा राहावा : उपकरणाच्या पट्टीवरील दाब व वॅट वाचून प्रवाह काढणे, साखळीतील प्रत्येक दुव्यावरील अँपिअरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहणे, आणि पट्टीवर चौकोनात चौकोन हे दुहेरी विसंवाहनाचे चिन्ह नसल्यास अर्थिंग पेटीपासून जमिनीपर्यंत अखंड आहे, याची मोजणीने खात्री करून घेणे. यातील पहिल्या दोन पायऱ्यांना कागद व पेन्सिल पुरते. तिसरीला मापक लागतो. आणि उपकरण चालू आहे, हा त्या मोजणीस कधीही पर्याय होऊ शकत नाही.