हात सापडले, पण प्राणी कोणता?

नात्यातला एक प्राणी माहीत असला की दुसऱ्याचं शरीर कसं असेल हे सांगता येतं का? या प्रश्नासाठी डायनोकायरस मिरिफिकसचं उदाहरण बघूया.

१९६५ साली पोलिश-मंगोलियन मोहिमेत झोफिया किएलान-यावोरोव्स्का यांना गोबी वाळवंटात २.४ मीटर लांबीचे दोन हात सापडले. सोबत खांद्याची हाडं, काही बरगड्या आणि मणक्यांचे तुकडे होते, बाकी जवळपास काहीच नाही. १९७० साली ओस्मोल्स्का आणि रोनिएविच यांनी या प्राण्याला नाव दिलं आणि हाडांचा दणकट आकार पाहून त्याला मोठ्या मांसाहारी डायनोसॉरांच्या गटात ठेवलं.

पण आकार हा नात्याचा पुरावा नसतो. मोठं शरीर वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे तयार होऊ शकतं. १९७२ साली जॉन ऑस्ट्रॉम यांनी हातांची ठेवण शहामृगासारख्या दिसणाऱ्या ऑर्निथोमिमोसॉरांशी जुळते हे दाखवलं. बहुतेक थेरोपॉडांमध्ये तळहाताच्या तीन हाडांपैकी पहिलं बरंच आखूड असतं. इथे तिन्ही जवळपास सारख्या लांबीची आहेत. नातं ठरतं ते अशा, पूर्वजापेक्षा बदललेल्या आणि गटात सामायिक असलेल्या लक्षणांवरून.

मग साहजिकच लोकांनी डोळ्यांसमोर काय आणलं? प्रचंड मोठा गॅलिमिमस! म्हणजे सडपातळ, वेगाने पळणारा.

२००६ आणि २००९ मध्ये आणखी दोन सांगाडे मिळाले. त्यातल्या एकाची कवटी आणि पाय तस्करांनी आधीच पळवले होते. ते युरोपातल्या खासगी संग्रहातून २०१४ साली मंगोलियाला परत मिळाले. त्याच वर्षी ली युओंग-नाम यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये वर्णन छापलं आणि सगळं चित्रच बदललं. लांबी सुमारे ११ मीटर, वजन अंदाजे ६.४ टन. मीटरभर लांब कवटी, दात नाहीत, बदकासारखी रुंद चोच. पाठीवर मणक्यांचे उंच काटे. पायाच्या नख्या बोथट, म्हणजे हा काही धावपटू नव्हे. पोटात १४०० हून जास्त दगड आणि माशांचे अवशेष!

वर्गीकरण मात्र टिकलं. तो ऑर्निथोमिमोसॉरच आहे, गारुडिमिमस आणि बेइशानलाँग यांच्या जवळचा.

म्हणजे हातांवरून नातं बरोबर ओळखता आलं, शरीर नाही. हे दोन वेगळे दावे आहेत आणि त्यांना वेगळे पुरावे लागतात. तुमच्या प्रबंधातही ‘हे मी मोजलं’ आणि ‘हे जवळच्या प्रजातीवरून धरलं’ असे दोन रकाने वेगळे ठेवा. वर्गीकरणाच्या तक्त्यात जे लक्षण नमुन्यात दिसत नाही, तिथे प्रश्नचिन्ह टाकतात. पहिल्या नमुन्याच्या ओळीत कवटी, शेपूट, पाय अशा सगळ्या जागी प्रश्नचिन्हंच येतात. ती पुसून तिथे गॅलिमिमस भरला, की गडबड सुरू होते.